बिडकीनचं पाणी दुष्काळी वर्षावर मोजा

टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरकडच्या नव्या कारखान्यासाठी जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे २० हजार कोटींचा. त्यानंतर दोन महिन्यांत, २९ सप्टेंबरला, शहराजवळचं बिडकीनचं औद्योगिक क्षेत्र पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालं. ७,८५५ एकर. तेव्हापासून पैठण रस्त्यावर कुणीही भेटलं की बोलणं दोनच गोष्टींवर येतं, गुंठ्याचा भाव आणि पोरांच्या नोकऱ्या. दोन्ही विषय खरे आहेत. माझा भाचा आयटीआय करतोय आणि तो घरापासून मोटारसायकलवर जाता येईल अशा कंपनीत लागला तर मला मनापासून आनंद होईल. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून मला कुणी उद्योगांच्या विरोधातली समजू नये. माझं पोटच कारखान्यावर आहे.

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाण्याचं खातं सांभाळते. आत येणारं पाणी, सॉफ्टनर, आरओ, कूलिंग टॉवर, पेंट शॉपचं पाणी, ईटीपी (कारखान्याच्या सांडपाण्याचं शुद्धीकरण), एसटीपी (संडास-न्हाणीच्या सांडपाण्याचं), आणि बाहेर काय जातं त्याचे रोजचे आकडे. धाकटा भाऊ गावी शेती करतो, पैठण तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. आणि राहते मी छत्रपती संभाजीनगर शहरात, जिथे नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. एकाच धरणाचं पाणी मला तीन ठिकाणी तीन रूपांत भेटतं. त्यामुळे बिडकीनच्या पाण्याबद्दल एक गोष्ट मला फार दिवसांपासून मांडायची होती. हिशोब चांगल्या वर्षाचा केला जातोय. तो वाईट वर्षाचा करायला हवा, आणि त्यासाठी शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याची वाहिनी आत्ता टाकायला हवी.

आधी धरण. आमच्याकडे जायकवाडी कुणी फारसं म्हणत नाही, नाथसागर म्हणतात. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे. एकूण साठा १०२.७३ टीएमसी, त्यातला उपयुक्त ७६.६५ आणि मृतसाठा, म्हणजे तळाचं, कालव्यात न येणारं पाणी, २६ च्या आसपास. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. डावा कालवा २०८ किलोमीटर, परभणीकडे जातो. उजवा १३२ किलोमीटर, माजलगावच्या दिशेला. धरण आखलं गेलं ते शेतीसाठी, अवर्षणग्रस्त मराठवाड्याला भिजवण्यासाठी. शंभरावर गावं त्यासाठी पाण्याखाली गेली. आईचं माहेर त्यातलंच एक. मामांना मिळालेली पर्यायी जमीन माळरानाची होती आणि तिला पाणी यायला बरीच वर्षं गेली. आई त्याबद्दल कडवटपणे बोलत नाही. ती म्हणते, "गाव गेलं, पण पाच जिल्ह्यांच्या लेकरांच्या तोंडात पाणी पडलं." पण ती "पाणी पडलं" म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे शेत असतं. हे मला विसरता येत नाही.

नाथसागर उथळ आहे. पूर्ण भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो. एवढ्या पसाऱ्यावरून एक मीटरचा थर उन्हाने उडाला तर १२ टीएमसीहून जास्त पाणी गेलं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला हे अवघड नाही. त्यात गाळ. म्हणजे कागदावर ७६ दिसतात तेवढे हातात येत नाहीत.

आणि ते ७६ सुद्धा दरवर्षी भरत नाहीत. धरणाच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणं आहेत. जायकवाडी आखताना गोदावरीचा जो येवा, म्हणजे येणारं पाणी, गृहीत धरला होता तो नंतरच्या अभ्यासांत कमी भरला, आणि वरची साठवण मात्र वाढत गेली. यावरून किती आंदोलनं झाली, किती खटले झाले, सगळ्यांना माहीत आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं कलम आलं. या वाटपाचे नियम सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ चा. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. तेव्हापासून १५ ऑक्टोबर ही आमच्याकडची महत्त्वाची तारीख झाली. त्या दिवशी जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ही वेळ आली, ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, ते प्रत्यक्ष सुटेपर्यंत नोव्हेंबर संपत आला. दोन्हीकडचे लोक रस्त्यावर होते. नदीच्या कोरड्या पात्रातून पाणी येताना वाटेत मुरतं, वाटेतल्या मोटारी चालू होतात, सोडलेलं सगळं पोचत नाही.

असं ज्या धरणाचं जगणं आहे, त्याच्या भरवशावर आपण पुढच्या तीस वर्षांची औद्योगिक वाढ आखतोय.

आता उद्योग किती पाणी पितो ते बघू, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. समजा एखाद्या औद्योगिक पट्ट्याला रोज १० कोटी लिटर पाणी लागलं. वर्षाला ते १.३ टीएमसीच्या आत बसतं. उपयुक्त साठ्याच्या दोन टक्केसुद्धा नाही. त्यामुळे "कंपन्यांनी धरण पिऊन टाकलं" हे गावाकडचं वाक्य आकड्यांत टिकत नाही. पण "एवढंसं तर पाणी, त्याची काय चिंता" हे शहरातल्या सभांमधलं वाक्यही टिकत नाही. कारण कारखान्याचं पाणी रोज लागतं. वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास, ठरलेल्या दाबाने. पेंट शॉपची लाईन आठ दिवस थांबवता येत नाही. आणि धरणात जेव्हा उपयुक्त साठाच उरत नाही, तेव्हा त्या सव्वा टीएमसीची किंमत वेगळी होते.

भावाचं पाणी तसं नाही. त्याला पाणी मागायला नमुना ७ चा अर्ज भरावा लागतो. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, किती ते ठरतं. तीन म्हणाले तर दोन येतात, दोन म्हणाले तर तिसऱ्या आठवड्यात कळतं की एकच. त्याचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, टोकाला आहे. पाणी सुटल्यावर त्याच्यापर्यंत यायला दिवस जातात, कधी वरच्यावरच संपतं. मागच्या दिवाळीत तो म्हणाला, "ताई, तुमच्या कंपनीला पाणी कमी पडलं तर पेपरात येतं. माझी पाळी चुकली तर तुलाबी मी सांगितल्याशिवाय कळत न्हाई." मी काहीच बोलले नाही. तो बरोबर होता.

पाण्याचं नियोजन म्हणजे खरं तर हमीचं वाटप आहे. कुणाला किती टीएमसी हा अर्धा प्रश्न झाला. पाणी नसेल तेव्हा सगळ्यात आधी कुणाचं बंद होणार, हा उरलेला अर्धा, आणि तो कुठल्याच आराखड्यात मोठ्या अक्षरांत नसतो. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलला, पिण्यानंतर शेती आणि मग उद्योग. कागदावर शेती वर आली. कालव्यावर काय होतं ते वर सांगितलं.

२०१६ चा उन्हाळा आठवा. नाथसागर मृतसाठ्यात गेलेला. शहरासाठी आपत्कालीन पंप लावून पाणी उचलायची वेळ आली होती. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर आणि मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कापायला सांगितलं. इतर उद्योगांनाही कपात लागली. मी तेव्हा वाळूजमध्येच होते. सगळ्या कारखान्यांच्या युटिलिटीवाल्यांची ती दोन महिने झोप उडाली होती. टँकरने पाणी घ्यायचं, पण ते टँकर कुठल्या विहिरीतून भरून येतात, त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती, आरओच्या मेम्ब्रेन (गाळायचे पडदे) किती दिवस तग धरतील, काहीच ठरलेलं नसायचं. लातूरकडे तर मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचलं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या. सगळ्या देशाने ती गाडी बघितली. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट बसलीय. कपात न्यायालयाला करावी लागली, कारण आधी ठरवून ठेवलेलं काही नव्हतं. कोणत्या पातळीला कुणाची किती कपात, हे ऑक्टोबरमध्ये माहीत असतं तर कारखान्यांनी सहा महिन्यांत तयारी केली असती. शेतकऱ्यानेही मोसंबी वाचवायची की कापूस, हे वेळेत ठरवलं असतं. त्याआधीच्या, २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडे आणि आमच्या भागात मोसंबीच्या बागाच्या बागा तोडल्या गेल्या. झाड उभं राहायला पाच-सहा वर्षं लागतात.

तर बिडकीनला येणाऱ्या प्रत्येक कारखान्याला विचारायला हवं, २०१६ पुन्हा आलं तर तुम्ही काय कराल? आणि विचारून थांबायचं नाही, त्याचं उत्तर पाण्याच्या करारात लिहून घ्यायचं.

उत्तर अशक्य आहे का? अजिबात नाही. माझ्या कामातली साधी उदाहरणं देते.

कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. क्षार वाढले की पाणी सोडून द्यावं लागतं, त्याला आम्ही ब्लोडाउन म्हणतो. क्षार तिप्पट होईपर्यंत पाणी फिरवलं तर वाफेच्या निम्मं पाणी ब्लोडाउनमध्ये जातं. सहापट होईपर्यंत फिरवलं तर वाफेच्या एक पंचमांशच जातं. म्हणजे १०० लिटर वाफेमागे १५० ऐवजी १२० लिटर पाणी लागतं. थेट वीस टक्के बचत. त्यासाठी आत येणारं पाणी मऊ हवं, रसायनांची मात्रा नीट हवी आणि रोज तपासणारा माणूस हवा. मोठी गुंतवणूक नाही. तसंच पेंटच्या आधीच्या धुण्याचं. भाग एकामागे एक टाक्यांतून जातात. ताजं पाणी शेवटच्या टाकीत घालायचं आणि उलट्या दिशेने आधीच्या टाक्यांत उतरवायचं. प्रत्येक टाकीत वेगळं ताजं पाणी सोडण्यापेक्षा हे कितीतरी कमी लागतं. नव्या कारखान्यात या गोष्टी पहिल्या दिवसापासून बसवता येतात. जुन्यात बसवायच्या म्हणजे लाईन थांबवा, फरशी फोडा, व्यवस्थापनाला पटवा. मी हे केलंय, म्हणून सांगते, बिडकीनला मोकळी जमीन आहे तोवरच हे स्वस्तात होईल.

पण सगळ्यात मोठी गोष्ट कारखान्याच्या कुंपणाच्या बाहेर आहे. ती म्हणजे कांचनवाडी.

कांचनवाडी पैठण रस्त्यावर आहे. शहराच्या सांडपाण्याचं मोठं केंद्र तिथे आहे, क्षमता रोज १६.१ कोटी लिटर. पूर्ण चाललं तर वर्षाला दोन टीएमसीच्या वर पाणी होतं. मघाशी आपण औद्योगिक पट्ट्यासाठी सव्वा टीएमसी धरले होते. आकडे शेजारी ठेवून बघा. त्याच रस्त्याने पुढे गेलं की बिडकीन. दुसऱ्या बाजूला काही किलोमीटरवर वाळूज. शुद्ध केलेलं सांडपाणी देणारा आणि ते वापरू शकणारा इतके जवळ असणं फार कमी शहरांच्या नशिबात असतं.

आणि हे पाणी वाढणार आहे. शहरासाठी नवी योजना चालू आहे. २५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी, नक्षत्रवाडीला ३९.२ कोटी लिटरचं जलशुद्धीकरण केंद्र. खर्च आधी १,६८० कोटी धरला होता, तो नंतर २,७४० कोटींवर गेला. आत्तापर्यंत शहर १९७० च्या दशकातल्या ७०० मिलिमीटरच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या १४०० मिलिमीटरच्या वाहिनीवर ओढत होतं. मधे समांतर जलवाहिनीची योजना आली आणि २०१६ मध्ये मोडली. नवं पाणी पूर्ण क्षमतेने आलं की घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, नियोजनात हाच आकडा धरतात. म्हणजे रोज ३१ कोटी लिटर. वर्षाला चार टीएमसी. हे पाणी पावसावर फारसं अवलंबून नाही. लोक आहेत तोवर ते येणार, आणि कपातीच्या उन्हाळ्यातही पिण्याचं पाणी सगळ्यात शेवटी कापलं जातं. दुष्काळात सर्वांत खात्रीचं पाणी कुठलं असेल तर हे. कारखान्याला हमी हवी असते ना, ती इथे आहे.

कुणी म्हणेल, घाण पाणी कारखान्याला कसं चालेल. नागपूरला चालतं. भांडेवाडीच्या केंद्रातलं रोज १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज प्रकल्पाला जातं, २०१५ पासून. सुरतला पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीला महापालिका शुद्ध केलेलं सांडपाणी देते. आणि तिथे कापड रंगवायचे कारखाने आहेत, ज्यांना पाण्याचा रंग आणि क्षार दोन्ही चालत नाहीत. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात सांडपाणी केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी ते पाणी वापरणं बंधनकारक केलं. हाच नियम औद्योगिक क्षेत्रांना का नको? कूलिंग टॉवर, संडास, बगीचा, पायाभूत बांधकाम, अग्निशमनाच्या टाक्या यांना तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे नेहमीच्या प्रक्रियेनंतर पुन्हा गाळून केलेल्या, शुद्धीकरणानंतरचं पाणी पुरतं. पेंट आणि बॉयलरसाठी पुढे आरओ लागेल, पण आरओ आम्ही धरणाच्या पाण्यालाही लावतोच.

अडचणी दोन आहेत आणि त्या मी लपवणार नाही.

पहिली पैशाची. धरणाचं पाणी वाहिनीतून दारात येतं आणि त्याचा दर परवडतो. तिसऱ्या टप्प्याचं शुद्धीकरण, पंपिंग, वेगळी वाहिनी यांचा खर्च धरला तर फिरवलेलं, म्हणजे सांडपाण्यातून पुन्हा वापरात आणलेलं, पाणी महाग पडतं. ज्याच्या हातात खर्चाचा ताळेबंद आहे तो व्यवस्थापक दुष्काळ नसलेल्या वर्षी ते घेणार नाही, आणि दुष्काळाच्या वर्षी एकदम मागितलं तर केंद्र तयार नसेल. म्हणून हे कारखान्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. घाऊक पाण्याचे दर प्राधिकरण ठरवतं. उद्योगाच्या धरणाच्या आणि फिरवलेल्या अशा दोन्ही पाण्यांचा दर एकत्र बांधला, आणि ताज्या पाण्याचा कोटा सुरुवातीपासूनच कमी दिला, तर गणित बसतं. वीस हजार कोटी गुंतवणाऱ्याला पाण्याच्या दरातला हा फरक जड नाही. मे महिन्यात लाईन बंद पडणं फार जड आहे.

दुसरी अडचण मला जास्त छळते. कांचनवाडीचं पाणी आत्ता खाम नदीत जातं, आणि खाम पुढे नाथसागरालाच मिळते. त्या काठावरचे शेतकरी वर्षानुवर्षं मोटारी लावून त्या पाण्यावर भाजी, चारा, ऊस घेतात. उद्या सगळं पाणी वाहिनीत घालून कारखान्यांना दिलं तर त्यांचं काय? त्यांच्याकडे कुठला करार नाही, अर्ज नाही. कायद्याने ते कुठेच नाहीत. पण पाणी तेच वापरतात. मला वाटतं नदीसाठी आणि त्यांच्यासाठी वाटा आधी राखून ठेवायचा, चांगलं शुद्ध केलेलं पाणी खाममध्ये सोडायचं आणि उरलेलं उद्योगाला. खाम सुधारण्यासाठी शहरातल्या लोकांनी, संस्थांनी गेल्या काही वर्षांत खूप कष्ट घेतले आहेत. नदी पुन्हा कोरडी करून उद्योगाचं पाणी भागवलं तर ते सगळं वाया जाईल. आणि जेवढं कारखान्यांना देऊ तेवढं धरणातलं ताजं पाणी मोकळं होईल. ते कालव्याच्या नावावर लेखी चढायला हवं. नाहीतर मोकळं झालेलं पाणी नव्या वसाहतींच्या मागणीत कुठे विरेल, शोधूनही सापडणार नाही.

मोठ्या योजनांबद्दल थोडंच. मराठवाडा वॉटर ग्रिड, म्हणजे अकरा धरणं वाहिन्यांनी एकमेकांना जोडायची योजना, इस्रायलच्या मेकोरोट कंपनीच्या मदतीने आखली गेली. कोकणात वाहून जाणारं पाणी घाट चढवून गोदावरीत आणायच्या योजना आहेत, दमणगंगा, वैतरणेकडच्या. व्हायला हव्यात, माझा विरोध नाही. पण धरणं जोडल्याने सगळीच कोरडी असतात त्या वर्षी पाणी तयार होत नाही, आणि घाटावर पाणी चढवायच्या योजनांना दशकं लागतात, विजेचं बिल कायमचं लागतं. कारखाने पाच-सात वर्षांत उभे राहतील. त्यांचं पाणी अशा योजनांच्या नावावर मांडणं बरोबर नाही.

भावाशी माझं उसावरून भांडण होतं, तेही लिहिते. त्याने दोन एकर ऊस लावलाय. मी म्हणते, तूच सांगतोस पाळीचा भरवसा नाही आणि बारमाही पीक लावतोस. तो म्हणतो, "ऊस गेला तरी कारखाना पैसे देतो. कापूस गेला तर कोण देतं?" हमीचा प्रश्न त्याच्याही बांधावर आहेच. त्याला पाण्याची आणि भावाची हमी मिळाली तर तो ठिबकवर मोसंबी आणि हरभरा घेईल, हे मला माहीत आहे, कारण आमच्या वडिलांनी तेच केलं होतं. पाणी वापर संस्था आहे कागदावर. घनमापन पद्धतीने पाणी मोजून द्यायचं हे २००५ च्या कायद्यात आहे. चारीच्या तोंडाला मोजायचं साधन आहे, ते बंद आहे. कारखान्यात माझ्याकडे प्रत्येक वाहिनीला मीटर आहे आणि एखादा बंद पडला तर त्या दिवशीच विचारणा होते. तेवढी काळजी कालव्याची कुणी घेत नाही.

आपल्याकडे जाणकारांची कमी नाही. जलतज्ज्ञ माधवराव चितळे याच शहरात राहिले. १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालच्या जलसिंचन आयोगाने १९९९ मध्ये खोऱ्यानिहाय विचार करायला सांगितलं होतं. वाल्मी, म्हणजे राज्याची जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासून इथे आहे. तिथूनच निवृत्त झालेल्या प्रदीप पुरंदरे यांनी एकात्मिक राज्य जल आराखडा झालेला नसताना प्रकल्पांना मंजुऱ्या कशा दिल्या म्हणून जनहित याचिका केली, तेव्हा कुठे आराखड्याच्या कामाला वेग आला. सांगणारे आहेत. करार लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ते पोचत नाही एवढंच.

नवीन जलवाहिनीसाठी पैठण रस्ता गेली काही वर्षं उकरलेला आम्ही येता-जाता बघतो. कांचनवाडीहून बिडकीनकडे आणि वाळूजकडे शुद्ध केलेल्या पाण्याची वाहिनी टाकायची असेल तर वेळ हीच आहे. भूखंड विकले गेले, रस्ते सिमेंटचे झाले, कुंपणं उभी राहिली की तीच वाहिनी दुपटीने महाग होईल आणि तिला जागा देताना प्रत्येक जण हात वर करेल.

आमच्या औद्योगिक संघटनेच्या पाण्यावरच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. जायकवाडीच्या १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर कपातीचं वेळापत्रक आधीच जाहीर करा, त्यात उद्योग, शहर आणि कालवा तिघांचे आकडे असू द्या. नव्या कारखान्यांच्या करारात फिरवलेल्या पाण्याचा किमान वाटा लिहा. खामच्या काठावरच्यांना त्या चर्चेत बोलवा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, पैठण इथल्या कारखान्यांत पाणी बघणारे जे कुणी हे वाचत असतील त्यांनी आपापल्या कूलिंग टॉवरचं मेकअप (भरावं लागणारं नवं पाणी) आणि ब्लोडाउन, मार्च ते जूनचं, मला पाठवावं. कंपनीचं नाव नको. किती ताजं पाणी खरंच वाचू शकतं ते एका कागदावर मांडून मी बैठकीला घेऊन जाईन.